मागच्या कंपाउंडलगत मांडव : वेल कोणते, तारा कशा

सी-२०३ वानखेडे : मागच्या कंपाउंडलगत १५ बाय ६ फूट जागा रिकामी आहे. मृग लागायच्या आत मांडव उभा करू. दुधी, दोडका, कारली. बांबू घ्यायचे की लोखंडी पाइप?

ए-१०१ भोयर काका : बांबूच घ्या. आपल्या उन्हात पाइप इतका तापतो की कोवळे ताणे करपतात. ८ फुटी बांबू, २ फूट जमिनीत, बुडाला डांबर लावून; नाहीतर वाळवी सोडत नाही. दर ५ फुटांवर एक, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ८. कोपऱ्यांना बाहेरून तारेचा ताण द्याच. पहिला पाऊस वावधानासोबत येतो, तोवर वेल हलका असतो. पण श्रावणात ओला पाला आणि दुधीचं वजन पडलं की बिनताणाचा मांडव आडवा होतो. कडेने १२ गेजची जाड जीआय (जस्त चढवलेली) तार, आत १६ गेजची बारीक, फुटाफुटावर.

बी-३०४ जोशी काकू : तिन्ही वेल एका मांडवावर नको. दुधीच्या पानांखाली कारल्याला ऊनच मिळत नाही. कारल्याला उभी नायलॉन जाळी लावा, भिंतीपासून अर्धा फूट पुढे. हवा खेळली नाही की भुरी, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी येते. भुरीवर भर उन्हात गंधक मात्र मारू नका, या वेलांची पानं जळतात.

सी-२०३ वानखेडे : ढेमसं?

बी-३०४ जोशी काकू : ते चढत नाही, जमिनीवर पसरतं. बाजूच्या वाफ्यात लावा.

ए-१०१ भोयर काका : खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. म्हणून निम्मी माती, निम्मं कुजलेलं शेणखत, दोन मुठी निंबोळी पेंड, आणि ओटा जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच. दुधी ५ फुटांवर, दोडका ३, कारली २. कारल्याचं बी रात्रभर भिजवा, साल जाड असते.

डी-१०२ मेश्राम : काकू, दोडक्याला फुलं भरपूर, पण बोटभर फळ पिवळं पडून गळतं. यूरिया देऊ का?

बी-३०४ जोशी काकू : अजिबात नको भाऊ. यूरियाने नत्र वाढलं की वेल पाल्यावर जातो, नरफुलंच जास्त येतात. तुमच्याकडे परागीभवन होत नाहीये. पाकळ्यांखाली इवलं फळ असतं ते मादीफूल. नरफुलाला नुसता देठ. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात, तोवर मधमाश्या परतलेल्या असतात. ५-६ वाजता ताजं नरफूल तोडा, पाकळ्या मागे सारा, पिवळी भुकटी मादीफुलाच्या मधोमध हलक्या हाताने फिरवा. एक नरफूल दोन-तीन मादीफुलांना पुरतं. कारल्याचं फूल सकाळी उमलतं, तिथे मधमाश्या असतात. सकाळची फवारणी बंद ठेवा.

ए-१०१ भोयर काका : दुधीचा वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडा. बाजूच्या फांद्यांनाही १०-१२ पानं झाली की खुडा. पुढच्या फुटव्यावर मादीफुलं जास्त येतात.

डी-१०२ मेश्राम : आणि वाकडी, आतून सडलेली कारली?

ए-१०१ भोयर काका : फळमाशी. क्यू-ल्युअरचा, म्हणजे वेलांवरच्या फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या वासाचा सापळा टांगा. आंब्यावरच्या फळमाशीचा मिथाइल युजेनॉलवाला सापळा इथे चालत नाही. सापळ्यात फक्त नर येतात, म्हणून किडकी फळं वेलाखाली पडू देऊ नका. अळ्या मातीत जाऊन कोष करतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस उन्हात ठेवा, मग फेका.

सी-२०३ वानखेडे : ठीक आहे काका. ८ खांब, आडवे ६ फुटी ४, लांबीचे २. बांबू रविवारी सकाळी येतील. खड्डे शनिवारीच खणून ठेवू, कुदळ कोणाकडे आहे?

डी-१०२ मेश्राम : माझ्याकडे. घमेलंही आहे.