शनिवारचा गच्चीवरचा चित्रपट

बी-३०२: नमस्कार. शनिवारी गच्चीवर ‘मिररमास्क’ नावाचा चित्रपट दाखवण्यासाठी प्रत्येक घरातून शंभर रुपये वर्गणी घेतली होती. त्या शंभर रुपयांत आपण नेमके काय पाहिले, हे कोणी समजावून सांगेल काय? हवेत पोहणारे मासे दिसले, माणसाच्या तोंडाची मांजरे दिसली, कथा मात्र शेवटपर्यंत दिसली नाही.

ए-४०४: चित्रपट लहान मुलांचा आहे असे लिफ्टजवळच्या फळ्यावर लिहिले होते. ते कोणी लिहिले, एवढेच मला हवे आहे.

सी-१०१: काका, निवड माझी होती. २००५ सालचा हा चित्रपट सुमारे चाळीस लाख डॉलरमध्ये झाला, जी अशा अद्भुतपटासाठी अगदी तुटपुंजी रक्कम आहे. दिग्दर्शक डेव्ह मॅकीन मुळात चित्रकार. त्यांनी बरेचसे चित्रीकरण निळ्या पडद्यापुढे उरकून भोवतालचे जग नंतर संगणकावर उभे केले. त्यातली कोणतीही चौकट भिंतीवर टांगावी अशी आहे.

बी-३०२: टांगायचेच असते तर मी कॅलेंडर आणले असते.

डी-२०२: काका, सुरुवात चुकली की पुढचे काही हाती लागत नाही. सर्कशीतली हेलेना आईशी भांडते, आई आजारी पडते आणि तिच्या शस्त्रक्रियेच्या वेळी मुलगी त्या मुखवट्यांच्या जगात जाते. आई, उजेडाची राणी आणि अंधाराची राणी या तिन्ही भूमिका जीना मकी यांनीच केल्या आहेत. नेमके तेव्हा आपण टँकरवाल्याशी फोनवर बोलत होतात.

बी-३०२: तो टँकर आला म्हणून रविवारी सर्वांच्या आंघोळी झाल्या, याचीही नोंद असावी.

ए-४०४: फळ्यावर कोणी लिहिले, याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

बी-६०४: मधला भाग रेंगाळतो हे मान्य करावे लागेल, प्रसंगामागून प्रसंग येतात, पण एकातून दुसरा निघत नाही. तरीही त्या यांत्रिक बाहुल्या हेलेनाला सजवून तिचे डोळे काळे करतात, तेव्हा माझा वडा हातातच राहिला.

डी-२०२: हेलेनाने काढलेल्या खिडक्यांतून तिची खरी खोली दिसते ना, तेव्हापासून आमच्या कन्येने हॉलच्या भिंतीवर स्केचपेनने खिडकी काढली असून, पलीकडे कोणी आले का, हे ती दर अर्ध्या तासाने पाहते. रंग दिवाळीतच दिला होता.

ए-४०४: म्हणूनच विचारते आहे, फळ्यावर कोणी लिहिले होते?

बी-३०२: तिन्ही बाया एकच होत्या, हे आधी सांगायला हवे होते. सी-१०१ यांनी सवडीने येऊन आमच्या टीव्हीवर सुरुवातीची वीस मिनिटे लावून द्यावीत. फक्त वीस.

सेक्रेटरी: ए-४०४ वहिनी, फळ्यावर मीच लिहिले होते. मला फोनवर फक्त माशांचे चित्र दाखवण्यात आले होते.