मदत हवी आहे : आंब्याखालची काळी मुसळी सडतेय

मंडळी, आम्ही चोपड्याचे. अंगणातल्या आंब्याखाली गवतही धरत नाही, म्हणून गेल्या जूनमध्ये काळी मुसळी या औषधी रानवनस्पतीचे 10 कंद लावले. (रोपवाटिकेतले, सातपुड्यातून उपटलेले नाहीत, आधीच सांगते!) पावसाळ्यात शिंदीच्या रोपासारखी चुणीदार पानं आली, मातीला टेकलेली पिवळी चांदणीफुलं आली. एका पानाचं टोक जमिनीला लागलं, तर तिथेही मुळं फुटली. दिवाळीनंतर पानं वाळली. ते ठीक, झोपतात. पण काल उकरलं तर एक कंद मऊ, वास मारणारा, दुसरा टणक. जमीन काळी, चिकट. त्यात सासूबाई तुळशीबरोबर तिथेही रोज तांब्याभर पाणी ओततात. उरलेले कंद काढून कोरड्या वाळूत ठेवू, की उन्हाळाभर केळीच्या पाल्याखाली तिथेच राहू देऊ? आणि वाफ्यात वाळू किती मिसळू?