मार्गशीर्षात महाराजांसाठी एसी?

थोरली सून: सासरे गेली वीस वर्षं एका महाराजांचे अनुग्रहित. येत्या मार्गशीर्षात महाराज दोन रात्री आमच्याकडे मुक्कामाला आहेत. काल सेवेकऱ्याचा फोन आला. त्याने सांगितलेली यादी मी कालनिर्णयच्या मागे उतरवून घेतली. खोलीत एसी, कमोड (बाकी कुणी वापरायचा नाही), गादी कोरी, चादरी पांढऱ्या, देशी गाईचं तूप, सोबत आठ माणसं. पाद्यपूजेची दक्षिणा "यथाशक्ती", आणि लगेच मागच्या यजमानांनी किती दिली तो आकडा.

मार्गशीर्षात, साताऱ्यात, एसी! आम्ही तेव्हा दोन दोन रजया घेतो. सासरे एफडी मोडायला निघालेत. मी नास्तिक नाही, दासबोध रोज वाचते. पण संन्याशाला हे सगळं लागतं कशाला? तुमच्याकडे कुणी असे उतरलेत का?

पिंपळपार: टेंब्ये स्वामींनी अख्खा भारत पायी पालथा घातला, सोबत दंड, कमंडलू नि छाट्या. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः भाकरी खाल्ली ती मडक्यात. पाया पडायला आलेल्यावर काठी उगारायचे. उलट टोकाला रजनीश, ओरेगॉनमध्ये ९३ रोल्स रॉइस. पण त्यांनी गरिबीचं कौतुक कधी केलं नाही नि श्रीमंतीही झाकली नाही. माझा राग आहे तो व्यासपीठावर वैराग्य सांगून खाली उतरल्यावर तूप तपासणाऱ्यांवर.

चरणरज: ताई, आधी ते संन्यासी आहेत का ते बघा. एकनाथ प्रपंची, गोंदवलेकर महाराज प्रपंची. गुरू म्हटला की भगवी छाटी, हे आपणच ठरवून टाकलंय. आणि सत्तरीतल्या माणसाने कमोड मागितला तर ती चैन नव्हे, गुडघे आहेत.

खतावणी: गुडघे मान्य. पण दक्षिणा कुणाच्या हातात जाते ते बघा. न्यासाची पावती मिळणार असेल तर ठीक, ते हिशोब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जातात. न्यासाचा पैसा विश्वस्तांच्या किंवा त्यांच्या नातलगांच्या सुखसोयींवर उडाला तर करसवलत जाऊ शकते, १९६१च्या आयकर कायद्यात कलम १३ त्यासाठीच होतं. पाकीट पावतीविना गेलं तर विषय संपला.

कोठीवाली: मी आठ वर्षं एका मठात कोठी सांभाळली. यादी महाराज करत नाहीत, सोबतचे करतात. आमचे महाराज एकदा दौऱ्यावरून आले ते थेट कोठीच्या दारात. हळूच म्हणाले, "माई, पिठलं-भाकरी मिळेल का? दहा दिवस घरोघर बासुंदी चालू आहे." मागे उभा सेवेकरी मला डोळ्यांनी नको नको करत होता. मी केलं. तव्यावरची खरवडसुद्धा मागून खाल्ली त्यांनी! तुम्ही सासऱ्यांना थेट महाराजांनाच फोन लावायला सांगा.

थोरली सून: लावला. महाराज म्हणाले, "एसी? अहो, मी रात्री कानटोपी घालून झोपतो." एफडी वाचली. कमोड मात्र बसवतोय, सासऱ्यांनाही आता लागतोच. दक्षिणेच्या आकड्याचं विचारा म्हणून मी खुणा करत होते, तर सासऱ्यांनी नमस्कार सांगून फोन ठेवला.