तीन महिन्यांत फिटर तयार होतो का?

मकरपुरावाला
गेल्या आठवड्यात वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यातल्या आमच्या वर्कशॉपवर एक मुलगा काम मागायला आला. हातात सरकारी योजनेचं प्रमाणपत्र, कोर्स तीन महिन्यांचा. मी त्याला लोखंडाचा तुकडा दिला आणि म्हटलं, शेगड्यात (बाकावरच्या पकडीत) धर आणि ही कड काटकोनात कानसून दे. अर्ध्या तासाने काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरलं, तर मधोमध फट. पोरगा मन लावून घासत होता, रडवेला झाला. विचारलं तर म्हणाला, कोर्सात कानस हाती आली ती जेमतेम चार दिवस, तीही तिघांत एक.

२००९च्या राष्ट्रीय कौशल्य धोरणात २०२२पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करायचं ठरलं होतं. वरून एवढा आकडा आला की खाली कोर्स आखूड होणारच. माझं स्पष्ट मत आहे: डोकी मोजणं थांबवा आणि तोच पैसा आयटीआयमधल्या यंत्रांवर, शिकवणाऱ्यांवर आणि अप्रेंटिसशिपवर, म्हणजे कारखान्यात काम करत शिकण्यावर लावा. आपल्याच गावात सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये कलाभवन काढलं. रसायनतज्ज्ञ प्रा. गज्जरांनी तिथे मातृभाषेतून तंत्रशिक्षण देण्याचा आग्रह धरला. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. तिथे हात तयार होत होते.

सावलीची ताई
दादा, तुमचा राग कळतो, पण सगळं जग म्हणजे फिटर नव्हे. मी लहान मुलीला सासूबाईंकडे ठेवून तीन महिने शिवणकामाच्या कोर्सला गेले. दोन वर्षांची आयटीआय असती तर घरून पाऊलही टाकू दिलं नसतं. आज कारखान्यात ओव्हरलॉक मशीनवर बसते आणि पगार माझ्या खात्यात येतो. छोटे कोर्स बंद केलेत तर आमच्यासारख्या बायकांचा रस्ताच बंद होईल. वाईट चालवतात त्यांना पकडा, कोर्सला कशाला दोष देता?

आकडेमोड
ताईंशी सहमत. शिवाय उद्दिष्टच नसेल तर सरकारी खात्याला पैसा मिळत नाही, हेही लक्षात घ्या. मला मकरपुरावाल्यांना एक विचारायचंय. अप्रेंटिस कायदा १९६१चा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक, चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. तुमच्याकडे आजवर किती घेतले?

मकरपुरावाला
एकही नाही. आमची माणसं अकरा. लपवत नाही. कारण ऐका: मुलाला वर्षभर शिकवायचं, तर माझा सगळ्यात जुना फिटर रोज दोन तास त्याच्याजवळ उभा हवा. त्या वेळात लेथवरचं काम थांबतं. शिकून झालं की मुलगा मोठ्या कंपनीत जातो, आणि जावंच त्याने, तिथे पगार बरा. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप योजनेत सरकार स्टायपेंडचा (विद्यावेतनाचा) पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये महिना देतं. खरा खर्च स्टायपेंडचा नाही, शिकवणाऱ्याच्या वेळेचा आहे. तो कुणीच धरत नाही.

निवृत्त निदेशक
अठ्ठावीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला, म्हणून लिहितो. कलाभवन आमचा अभिमान, पण ती एक संस्था होती आणि मागे राजाश्रय होता. आज प्रश्न कोट्यवधींचा आहे, तो तेवढ्याने सुटत नाही.

पण आकडेमोड, कोणत्या ट्रेडची किती माणसं लागतील हे दहा वर्षं आधी दिल्लीत बसून सांगता येत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये इथे सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, ४० विमानं इथे बनायची आहेत. २००९मध्ये वडोदऱ्याच्या कुठल्या आराखड्यात विमानाचं रिव्हेटिंग लिहिलेलं होतं? ज्याचं नियोजन करता येतं ते म्हणजे पाया: ड्रॉइंग वाचणं, व्हर्निअरचं माप अचूक घेणं, कड सरळ आणणं. हा हात ज्याला आहे, तो विमानाचंही काम शिकून घेतो.

आता आयटीआय सुधारण्याची २०२५ची पीएम-सेतू योजना: ६०,००० कोटी रुपये, १,००० आयटीआय, आणि कारभारात उद्योगांचा सहभाग. स्वागत आहे. माझी भीती जुनीच. मी असताना एक सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन आलं आणि दीड वर्ष प्लास्टिकखाली झाकून राहिलं, कारण चालवायला शिकवणारं कुणी नव्हतं. यंत्राच्या आधी निदेशकाची जागा भरा.

आकडेमोड
पटलं, पण अर्धंच. किती निदेशक लागतील हे ठरवायलासुद्धा मोजावंच लागेल ना?

सावलीची ताई
आणि त्या मुलाचं काय झालं? परत पाठवला का?

मकरपुरावाला
नाही, ठेवून घेतलाय. रोज सकाळी एक तुकडा कानसतो. काल गुण्याखाली फट केसाएवढीच राहिली होती. अप्रेंटिस म्हणून नोंदवायचे कागद उद्या बघतो. फक्त त्याला शिकवणारे आमचे फिटर काका दिवाळीनंतर काम सोडताहेत, आणि त्यांच्या जागी बसेल असा माणूस अजून मिळालेला नाही.