आईला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने बोरिवलीला पाठवावे का?

प्रश्न (देवगड):
माझ्या ६८ वर्षांच्या आईला मे महिन्याच्या अखेरीस दहा वर्षांच्या भाचीसह देवगडहून बोरिवलीला जायचे आहे. कोकण रेल्वेचे तिकीट प्रतीक्षा यादीत अडकल्यामुळे घरातील सर्वांचा कल रात्रीच्या स्लीपर कोचकडे आहे. मात्र १९ मार्च २०१३ रोजी पहाटे खेडजवळ जगबुडी नदीच्या पुलावरून मुंबईकडे निघालेली खासगी बस कोसळली आणि ३७ जणांचा जीव गेला, ते माझ्या मनातून अजून जात नाही. आरक्षण करण्यापूर्वी नेमके काय विचारावे?

उत्तर (कुडाळ):
मी याच मार्गावर अनेक वर्षे बस चालवली आहे, म्हणून सांगतो, की सर्वांत आधी गाडीवर दुसरा चालक आहे का, हे विचारा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार चालकाला साधारणपणे दिवसाला आठ तासांहून अधिक काम देता येत नसे आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागे. देवगड ते बोरिवली हा प्रवास एका माणसाच्या आवाक्यातला नाही. पहाटे दोन ते पाच या वेळेत डोळे उघडे असूनही रस्ता दिसेनासा होतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. चालक वारंवार मान चोळू लागला, काच उघडून तोंडावर वारा घेऊ लागला, किंवा चाके रस्त्याच्या कडेच्या खडीवर जाऊन पुन्हा आत येऊ लागली, तर संकोच न करता क्लीनरला उठवून गाडी थांबवायला सांगावे. चहाने डुलकी जात नाही, ती थोडी पुढे ढकलली जाते, एवढेच.

उत्तर (चिपळूण):
काकांचे म्हणणे खरे आहे, पण त्याइतकेच महत्त्व मी बाहेर पडण्याच्या वाटेला देईन. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात बस उलटून पेटली, तेव्हा दाराची बाजू खाली दबली आणि जे वाचले, त्यांतील काही जण काच फोडून बाहेर आले. गेल्या वर्षी मी ज्या बसने आलो, तिच्यात काच फोडण्याच्या हातोडीची नुसती रिकामी पट्टी होती, आणि मागच्या संकटकालीन दारासमोर आंब्याच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. आईंना वरचा बर्थ मुळीच घेऊ नका. अंधारात, हलत्या गाडीत, त्या वयात शिडीवरून उतरणे साध्या प्रसंगीही अवघड असते. शक्य असेल तर स्लीपरऐवजी पट्टा असलेली, मधल्या भागातील बसण्याची आसने घ्यावीत.

उत्तर (मालवण):
मे संपताना वळवाचा पाऊस येऊ शकतो, हे लक्षात ठेवावे; घाटात पहिल्या सरीनंतर रस्ता फार निसरडा असतो. माझे मत असे, की सोबत लहान मूल असेल तर दिवसाची एसटी बरी. वेळ जास्त जाईल, अंग आंबेल, पण चालकाला समोरचे दिसेल. रात्रीच जायचे ठरले, तर गाडीचा क्रमांक घरी कळवून ठेवा आणि आडवाटेच्या थांब्यावर आजी व नात एकट्या उतरणार नाहीत, याची काळजी घ्या.

प्रश्नकर्ती (देवगड):
आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. आज आरक्षण केंद्रावर जाऊन दुसऱ्या चालकाविषयी विचारले, तेव्हा "एकच असतो, पण अनुभवी आहे, घाबरू नका" असे उत्तर मिळाले. मी आरक्षण केले नाही. आईला सकाळच्या एसटीने पाठवणार आहे आणि कणकवलीपर्यंत मी स्वतः तिच्यासोबत जाईन.