एक नाडी आली म्हणून चांगलं स्थळ सोडायचं का?

राजारामपुरीकर:
बहिणीचं लग्न जवळपास ठरलंय. मुलगा इचलकरंजीचा, माणसं साधी, दोघं दोनदा भेटलेत आणि एकमेकांना पसंत आहेत. पत्रिका बघितली तर ३६ पैकी २५ गुण पण नाडी, म्हणजे जन्मनक्षत्रावरून ठरणारा गट, दोघांची एक. बास, आजी अडून बसली, पोरंबाळं होणार नाहीत म्हणते, आणि पप्पा एरवी कशाला मानत नाहीत पण ते पण गप्प झालेत. मला खरंच कळून घ्यायचंय, आजच्या काळात ह्या ज्योतिषाचं काम काय? एवढी शिकलेली माणसं लग्न म्हटलं की पत्रिका का काढतात?

मंगळवारपेठ:
भावा आधी गणित बघ. नक्षत्रं २७, नाड्या ३, आद्य मध्य अंत्य, प्रत्येकीत ९ नक्षत्रं. म्हणजे कुठलीबी दोन माणसं घे, सरासरी तीन जोड्यांत एकीची नाडी एक येणारच. मंगळाचं बी तेच, १, ४, ७, ८, १२ ह्यातल्या कुठल्या स्थानात आला की झाला मंगळ, १२ पैकी ५ घरं, म्हणजे शंभरातल्या चाळीसेक जणांना मंगळ. एवढे संसार बिघडलेले आपल्या गल्लीत तरी दिसतात काय? आजीला हेच शांतपणे सांग, वाद घालू नको.

पत्रिकावाल्या काकू:
मी पत्रिका बघते, म्हणून लिहिते. दोघांची रास एक आणि नक्षत्र वेगळं, किंवा नक्षत्र एक पण चरण (नक्षत्राचा चौथा भाग) वेगळं असेल तर नाडीदोष धरत नाहीत, हा परिहार शास्त्रातच आहे, तेवढं आधी बघून घ्या. आणि बाळा, माझ्याकडं येणाऱ्या बायका ग्रह विचारायला कमीच येतात. पोरगं बोलत नाही, नवऱ्याचं काम सुटलंय, घरात ऐकून घेणारं कोण नाही, हे सगळं पत्रिकेवर बोट ठेवून बोलता येतं. शिवाय ‘मुलगी पसंत नाही’ असं बापाच्या तोंडावर कसं म्हणायचं, त्यापेक्षा ‘पत्रिका जुळली नाही’ म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही. पण मूल होणार नाही असं सांगून कुणाला घाबरवणं मला अजिबात मान्य नाही.

खगोलवेडा:
काकूंचं पटलं, पण भाकीत खरं ठरतं का हा प्रश्न राहतोच. २००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर वगैरेंनी पुण्यात चाचणी घेतली होती, हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या, २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के, नाणं उडवलं तरी ५० येतात. आकाशाचा खरा हिशोब बघायचा तर आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव बघा, नोव्हेंबरात ९ ते ११ आणि परत ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, दोन्ही वेळा सूर्य जवळपास तेवढाच दक्षिणेला असतो म्हणून मावळतीची किरणं गाभाऱ्यात पोचतात. देवळाचं तोंड कुठं ठेवायचं हे ज्यांनी ठरवलं त्यांच्याबद्दल मला लई आदर वाटतो.

राजारामपुरीकर:
काकू, दोघांची रास कन्याच आहे, तिचं नक्षत्र हस्त आणि त्याचं उत्तरा! म्हणजे परिहार लागतोय ना? आजीला तुमचंच सांगतो, पप्पांना नाडीचं गणित कागदावर मांडून देतो.

सीपीआर रोड:
पोरांचीच काळजी असेल तर दोघांची थॅलेसेमियाची (आईबापाकडून पोरांत येणारा रक्ताचा आजार) रक्ततपासणी करून घ्या. नाडी म्हणजे ब्लडग्रुप असं कोण सांगत असेल तर ऐकू नका, नाडी जन्मनक्षत्रावरून काढतात, रक्ताचा त्यात काय संबंध नाही.