मेंदूज्वर: घरच्यांनी कुठल्या गोळ्या घ्यायच्या? लवकर सांगा

मृण्मयी_नाशिक: धाकटा भाऊ आयसीयूत आहे. डॉक्टर म्हणतात बॅक्टेरियल मेनिंजायटिस. आम्ही एकत्र राहतो, माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांना गोळ्या घ्याव्या लागतात. कुठली, किती आणि बाळाला काय द्यायचं, एवढंच सांगा. वॉर्डात कोणी धड बोलत नाही.

सदू_काका: ताई, जंतू कुठला? पाठीतलं पाणी काढलं असेल ना, त्याचा रिपोर्ट काय? मेनिंगोकॉकस असला तर घरच्यांना रिफाम्पिसिन दोन दिवस किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनचा एकच डोस देतात, तोही डॉक्टर वय बघून ठरवतात. न्यूमोकॉकस असला तर घरच्यांना काहीच लागत नाही.

हर्षदा_पी: रिपोर्टची वाट बघत बसू नका! लेकीच्या हॉस्टेलवर एकीला झाला तेव्हा खोलीतल्या सगळ्यांना त्याच दिवशी गोळी दिली होती. 24 तासांच्या आत द्यायची असते.

सदू_काका: तो मेनिंगोकॉकस असणार. म्हणून तर जंतू विचारतोय. पाच महिन्यांच्या बाळाला अंदाजाने औषध देऊ नका.

इरफान_सोलापूर: सगळ्यांनी मेनिंगोकॉकसची लस घ्या. अब्बा हजला गेले तेव्हा सक्तीची होती, निघण्याच्या किमान 10 दिवस आधी. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत या रोगाच्या मोठ्या साथी यायच्या. आपल्या पुण्याच्या सीरमने त्यासाठी स्वस्त लस बनवली, 2010 मध्ये बुर्किना फासोपासून सुरुवात झाली.

हर्षदा_पी: दादा, अभिमान आहेच, पण ताईंच्या घरात आज काय करायचं ते बोला. लसीचा असर व्हायला दिवस लागतात.

मृण्मयी_नाशिक: रिपोर्ट मिळाला. स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए. हा कुठला? भाऊ 24 वर्षांचा, धडधाकट आहे. शुगर नाही, काही नाही.

सदू_काका: हाच न्यूमोकॉकस. घरच्यांना गोळ्या नकोत. पण तरण्याताठ्या पोराला हा झाला की कारण शोधावं लागतं. कान वाहतो का? प्लीहा काढली आहे का? कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी बसवलेलं यंत्र? डोक्याला कधी मार?

मृण्मयी_नाशिक: गेल्या वर्षी बाईकवरून पडला होता. कवटीला बारीकशी चीर होती, ऑपरेशन लागलं नाही. त्याचा काय संबंध? बरा झाला होता. फक्त खाली वाकला की डाव्या नाकपुडीतून पाणी गळतं, सर्दीच्या गोळ्या चालू होत्या.

डॉ_अनघा: मृण्मयी, हे आत्ताच्या आत्ता त्याच्या डॉक्टरांना सांगा. एकाच नाकपुडीतून, वाकल्यावर, स्वच्छ पाणी गळत असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. चीर बुजली नसेल तर नाकातले जंतू त्याच वाटेने आत जातात. न्यूमोकॉकस अनेकांच्या नाकाघशात एरवी निमूट असतो. ते पाणी बीटा-2 ट्रान्सफरिनसाठी, म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्यात सापडणाऱ्या प्रथिनासाठी, तपासता येतं. गळती तशीच राहिली तर मेंदूज्वर पुन्हा होऊ शकतो, म्हणून कान-नाक-घसावाले आणि न्यूरोसर्जन दोघांनी बघायला हवं. बाळाच्या लसी?

मृण्मयी_नाशिक: सरकारी दवाखान्यात वेळच्या वेळी.

डॉ_अनघा: मग पेंटाव्हॅलंटचे (पाच रोगांवरची एकत्र लस) तिन्ही आणि पीसीव्हीचे (न्यूमोकॉकसवरची लस) सहाव्या व चौदाव्या आठवड्याचे डोस झाले असतील, कार्डावर बघा. पीसीव्हीचा पुढचा नवव्या महिन्यात. बाळाला ताप आला, दूध ओढेनासं झालं, टाळू फुगली, तर थांबू नका.

हर्षदा_पी: काकूंनी गोळ्या आणल्या असतील तर परत करा ताई. माझा सल्ला इथे लागू नव्हता.

मृण्मयी_नाशिक: सिस्टरना सांगितलं, त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. नवीन सीटी करायचा म्हणतायत. जुना घरी आहे.

सदू_काका: नुसता रिपोर्ट नको, फिल्मसुद्धा न्या. आणि कधीपासून गळतंय ते कागदावर लिहून द्या.